उसनी बोटं

बँकेचं काचेचं दार लेकीनं कोपरानं ढकललं आणि मागून येणारी आई जागीच थांबली. लेकीचे दोन्ही हात रिकामे होते. पिशवी खांद्याला होती, फोन पिशवीत. दाराला चांगली तळहाताएवढी रुंद स्टीलची पट्टी होती, ढकलायलाच लावलेली. पण लेक जराशी तिरकी झाली, खांदा पुढे केला आणि कोपराच्या वरच्या मऊ भागानं दार लोटून आत गेली. मग पाठीनं ते अडवून उभी राहिली आणि म्हणाली, "ये ना, आई." आई आत गेली. आत गार होतं, लोक आपापला नंबर यायची वाट बघत बसले होते, आणि तिला वाटलं, सगळ्यांनी पाहिलं. कुणीच काही पाहिलं नव्हतं. त्या तिरकं होण्यात एक सफाई होती, आणि ती एका दिवसात अंगी येत नाही हे तिच्याइतकं त्या खोलीत दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? आधी माणूस दार हातानंच ढकलतो आणि मनगटातून कळ जाते. मग दुसऱ्या हातानं ढकलून बघतो. मग कुणीतरी पुढे जाईल म्हणून थांबतो, चपलेचा बंद नीट केल्यासारखं करतो. आणि मग कधीतरी शरीर आपलं आपणच ठरवून टाकतं की दारं कोपरानं उघडायची. त्यानंतर विचारही करावा लागत नाही. म्हणजे लेकीला हे सुरू होऊन बरेच महिने झाले होते.

बँकेत त्या आल्या होत्या आईच्याच सहीसाठी. जुन्या सहीशी नवी सही जुळत नाही, असं बँकेनं कळवलं होतं. खिडकीतली बाई भली होती. "सावकाश करा, मावशी," म्हणाली. आईनं पेन तर्जनी आणि मधलं बोट यांच्यात अडकवलं, अंगठा नुसता टेकवला आणि मनगट न हलवता सगळा हातच ओढत नेत सही केली. पण नजर कागदावर नव्हती. लेकीनं काउंटरवर हात ठेवले होते. मूठ वळली की बोटांच्या मुळाशी टेकड्या दिसतात आणि टेकड्यांच्या मध्ये खळगे. लेकीच्या उजव्या हाताचे पहिले दोन खळगे भरून आले होते. कातडी तिथं जरा चकचकीत, ताणलेली. बाकी हात तिचेच होते, नखं बारीक कापलेली, अंगठ्याजवळ कुठल्याशा मांजरानं ओरबाडल्याची खूण. लेक जनावरांची डॉक्टर होती. कुत्री, मांजरं, ससे, एकदा तर कुणाचं तरी कासव.

"आई, सही चौकटीच्या बाहेर चाललीय," लेक म्हणाली.

बाहेर आल्यावर त्या फुटपाथवरून थोडं चालल्या. वाहनांचा आवाज होता, तो तिला बरा वाटला. "सकाळी उठल्यावर हात किती वेळ आखडलेले असतात?" तिनं विचारलं.

"कुणी सांगितलं आखडतात म्हणून?"

"किती वेळ, ते विचारतेय मी."

लेक दोन दुकानं ओलांडून पुढे गेली. मग म्हणाली, "आंघोळ होईपर्यंत. कधी कधी दवाखान्यात पोचल्यावरही. परवा एका बोक्याला धरलं आणि तो सुटलाच हातातून. मालक म्हणाला, डॉक्टर, घाबरलात की काय." ती हसली. "तुला सांगणारच नव्हते."

आईला रडू आलं नाही. राग आला नाही. आला तो थकवा. पिशव्या घेऊन सगळा जिना चढून जावं आणि वर गेल्यावर कळावं की किल्ली खालीच राहिली, तसा. परत उतरायचं, परत चढायचं. हा जिना तिला पाठ होता. रक्ताच्या तपासण्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या त्या पिवळ्या गोळ्या, दुसऱ्या दिवशीची मळमळ, "तुम्ही तर बऱ्या दिसता की" असं म्हणणारे लोक. गुडघ्यांचा, मनगटांचा, जबड्याचासुद्धा नंबर लागतो, हे कुणी आधी सांगत नाही. या संधिवातात शरीर स्वतःवरच धावून जातं, असं तिला पहिल्या डॉक्टरांनी समजावलं होतं, घरातलाच कुत्रा चावावा तसं. त्या कुत्र्याबरोबर ती लेकीच्या जन्मानंतरची सगळी वर्षं राहिली होती. आणि आता तो उठून लेकीच्या खोलीत गेला होता.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो टीव्हीसमोर बसला होता. त्यानं टीव्ही बंद केला नाही, आवाज तेवढा घालवला. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला आणि पडद्यावरच्या मुक्या माणसांकडे बघत म्हणाला, "मनीला?" लहानपणी मांजरं गोळा करून आणायची म्हणून तो लेकीला मनी म्हणे. मग बऱ्याच वेळानं, "या वेळी सोडायचं नाही," म्हणाला. कुणाला सोडायचं नाही, हे तिनं विचारलं नाही. तिला कळलं होतं, आणि ते बोलणं उघडायचं तिच्यात त्राण नव्हतं.

गोळ्यांनी लेकीला थोडा गुण आला, पुरेसा नाही. मग एक दिवस तिघंही सांधेदुखीच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसली होती. बाई तरुण होत्या, भराभर बोलत, आणि ऐकताना मात्र पेन खाली ठेवत. त्यांनी इंजेक्शनचं नाव काढलं. त्या नावाचं शेपूट ऐकताच आईनं मान वर केली. इतक्या वर्षांत ती ते नाव मनातसुद्धा म्हणाली नव्हती.

"पण हे मूळ औषधासारखं आहे, तेच नाही," बाई म्हणाल्या. "मूळ कंपनीचा एकटीनं बनवायचा हक्क संपला, म्हणून आता दुसऱ्यांनाही बनवता येतं. किंमत बरीच खाली आली आहे. तुम्हाला झेपेल."

नवरा खुर्चीत पुढे सरकला. "नक्कल म्हणा की."

"बाबा," लेक म्हणाली.

"नाही, मला कळू दे. मूळचं मिळतं की नाही? मिळतं ना? मग तेच द्या हिला. हिच्या आईच्या वेळी जमलं नाही. आता घर विकू वेळ आली तर."

"आणि ही इंजेक्शनं कुठं घेणार, फुटपाथवर?" बाई शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा काका. साध्या गोळीची नक्कल तंतोतंत करता येते. हे औषध जिवंत पेशींकडून करून घ्यावं लागतं. त्यामुळे हुबेहूब तेच, असं कुणी म्हणत नाही. इतकं सारखं आहे की गुणात फरक पडत नाही, हे मात्र तपासून सिद्ध करावं लागतं. आणि मूळ कंपनीच्याही दोन खेपांमध्ये केसभर फरक असतोच."

"हॅमस्टरच्या पेशी असतात, बाबा," लेक म्हणाली. "मी एवढे हॅमस्टर बरे केले, आता पांग फेडतायत बिचारे."

"उंदराचं औषध?"

"पेशी त्याच्या. औषध माणसाचंच."

नवरा खुर्चीत परत मागे टेकला. नक्कल हा शब्द त्याला टोचला होता. आईला नाही. तिचं सगळं कामाचं आयुष्य नकला करण्यात गेलं होतं. वास्तुशिल्पींच्या कचेरीत ती ट्रेसर होती. मोठे लोक पेन्सिलीनं नकाशे काढत, खोडत, परत काढत, आणि तो मळका कागद तिच्या टेबलावर येई. त्यावर ती पारदर्शक कागद ताणून बसवायची आणि शाईच्या पेननं रेघ न् रेघ उतरवायची. भिंतीची रेघ जाड, दाराची बारीक, दिसत नसलेल्या तुळईची तुटक. चुकलं तर ब्लेडच्या टोकानं शाई खरवडायची, कागदाला भोक न पाडता. श्वास रोखून. तिच्या कागदावरूनच छापील प्रती निघत आणि त्या बांधकामावर जात. मूळ पेन्सिलीचा कागद पाहून आजवर कुणी वीट रचली नव्हती. शहरात तिच्या रेघांवर उभी असलेली घरं होती, त्यांत लोक राहत होते, भांडत होते, दिवे घालवत होते. मग तिची बोटं गेली, आणि नेमक्या त्याच वर्षांत कचेरीत संगणक आले. सगळ्याच ट्रेसरांचे हात एकदम बिनकामाचे झाले, त्यामुळे तिचे वेगळ्या कारणानं झालेत हे कुणाच्या फारसं ध्यानात आलं नाही. तिला फोन घ्यायला बसवलं. निरोपसमारंभ नाही, काही नाही. खुर्ची तेवढी बदलली.

आणि त्या फोनच्या खुर्चीवर असतानाच तो उन्हाळा आला होता. नवरा तेव्हा एका शीतगोदामाच्या कंपनीत होता. कंपनीची वैद्यकीय योजना मोठी उदार होती, आणि डॉक्टरांनी हे नवंकोरं इंजेक्शन त्या योजनेत बसवून दिलं होतं. त्याच्या किमतीशेजारी नवऱ्याचा पगार ठेवला असता तर पगारानंच मान खाली घातली असती. पण ती किंमत त्यांना द्यायची नव्हती. नुसती सुई टोचायची होती. पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्यानंतर एका सकाळी ती चहा ढवळत होती, चमचा पेल्यात फिरत होता, आणि तिला जाणवलं की ती चमचा चिमटीत धरून ढवळतेय. चिमटीत! तिनं चमचा ठेवला आणि ओट्याकडे तोंड करून हळूच मूठ वळली. बोटं तळव्याला लागली. नखं आत रुतली. तिला नखं रुतण्याचं एवढं सुख झालं की तिनं पुन्हा रुतवली. मग दिवसभर ती मूठ वळत राहिली, फोनच्या टेबलाखाली, बसमध्ये, पदराआड, चोरून मिठाई खाणाऱ्या पोरासारखी. दुसरी-तिसरीतल्या लेकीच्या तिनं वेण्या घातल्या. चार पेडांच्या, पाच पेडांच्या, कधी डोक्याभोवती गुंडाळलेल्या. लेक शाळेतून यायची ती वेणीला हात लावतच. तिनं माळ्यावरून शाईची पेनं काढली, कोमट पाण्यात भिजवून साफ केली आणि लेकीच्या सगळ्या पुस्तकांवर नावं घातली, सरळ, टपोरी, एका उंचीची. रात्री नवऱ्याच्या पाठीवर हात फिरवला आणि तो म्हणाला, "कुणाचा हात आहे हा?" दोघं हसली होती. तेव्हा हे सगळं कुणाचं तरी आहे आणि परत मागितलं जाणार आहे, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

मग कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी योजना चालू ठेवली, फक्त तिच्यात हे इंजेक्शन बसत नव्हतं. नवरा ह्याच्याकडे गेला, त्याच्याकडे गेला, मूळ कंपनीला पत्रं घातली. बनवणारे ते एकटेच होते; दुसरं दारच नव्हतं वाजवायला. ती वाट बघत होती, आणि शरीर वाट बघत नव्हतं. आलं होतं त्याच्या उलट्या क्रमानं सगळं निघून जाऊ लागलं. आधी मूठ गेली. मग चिमूट. शेवटी बोटं करंगळीच्या बाजूला झुकली, वाऱ्यानं एका दिशेला पडलेल्या गवतासारखी, आणि तशीच राहिली. लेक म्हणायची, "घट्ट घाल ना, आई, सुटतेय," आणि एका दुपारी ती लेकीला केस कापणाऱ्या बाईकडे घेऊन गेली आणि म्हणाली, "मानेपर्यंत करा." दुखण्यापेक्षा ते जाणं वाईट होतं. आधीचं दुखणं आपलं आपलं वाढलं होतं, तिला न विचारता, झाडासारखं. हे दुसरं मात्र तिला दाखवून, हातात देऊन, काढून घेतलेलं होतं. त्यानंतर तिनं नव्या औषधांबद्दल विचारणंच सोडून दिलं. डॉक्टर बदलले. गोळ्या घेत राहिली. आशा ठेवायला सुद्धा सांधे लागतात, आणि तिचे ते झिजले होते.

लेकीला मात्र ते मूळच्यासारखं औषध चांगलंच मानवलं. आधी अंगात क्षय लपलेला नाही ना, याच्या तपासण्या वगैरे झाल्या, मग दर पंधरवड्याला ती स्वतःच मांडीवर सुई टोचून घेऊ लागली. "मांजरांपेक्षा सोपं आहे," म्हणायची, "पेशंट चावत नाही." महिन्या-दोन महिन्यांत खळगे परत दिसू लागले. आई रोज जेवताना त्या हातांकडे बघे, आणि आनंद होई, खराच होई, आणि आनंदाच्या खाली दुसरंच काहीतरी असे. त्याला मत्सर म्हणायला ती तयार नव्हती. भीती म्हणायला तयार होती. लेक बरणीचं झाकण फिरवी, कपडे पिळी, कुणाच्या तरी मोठाल्या कुत्र्याला उचलून टेबलावर ठेवल्याचं सांगे, आणि तिला वाटे, अगं हळू. एवढी सवय लावून घेऊ नकोस. मूठ वळून बघू नकोस सारखी. पण असं कुठली आई बोलते?

पुढच्या भेटीत डॉक्टरीणबाई लेकीचे हात तपासून झाल्यावर अचानक आईकडे वळल्या. "आणि तुमचं काय? दाखवा बघू." त्यांनी तिचे हात आपल्या हातांत घेतले, उलटे केले, सुलटे केले, एकेक सांधा दाबला. "अजून सूज आहे. इतकी वर्षं नुसत्या गोळ्यांवर? तुम्हाला हे का नाही सुरू करायचं? खोटं सांगत नाही, वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत. जे मोडलंय ते मोडलंय. पण सूज उतरेल, दुखणं कमी होईल, थकवा जाईल. उरलेले सांधे तरी वाचतील."

"माझं आता काय राहिलंय," ती म्हणाली आणि हात मांडीवर परत घेतले.

 घरी आल्यावर दार लावून घेतलं आणि लेकीचा बांध फुटला. "काय राहिलंय म्हणजे? रात्री कण्हतेस ते ऐकू येतं मला पलीकडच्या खोलीत. बाबा तुझी बटणं लावतात. हा काय हट्ट आहे, आई? नक्कल आहे म्हणून? निदान तू तरी असलं बोलू नकोस."

"नकलेचं काही नाही."

"मग सुईला घाबरतेस?"

"हो," ती म्हणाली, कारण ते सोपं होतं.

"खोटं." लेक समोर येऊन बसली. "मी लहान असताना एकदा तू बरी होतीस. मला आठवतं. वेण्या घालायचीस. गाणी म्हणायचीस ओट्याशी. मग एकदम माझे केस कापून टाकलेस. मला कितीतरी वर्षं वाटायचं की मी काहीतरी केलं म्हणून."

नवरा आतल्या खोलीच्या दारात उभा होता. तो म्हणाला, "मनी, तिला तेव्हा हेच इंजेक्शन चालू होतं. मूळचं. माझ्या कंपनीनं बंद केलं."

लेक आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. लपवलं असंही नव्हतं. बोलायचं राहून गेलं होतं, आणि राहून गेलेल्या गोष्टीवर घर हळूहळू सामान रचत जातं. "मग तर तुला माहितीय ना ते लागू पडतं," लेक हळू आवाजात म्हणाली.

"लागू पडतं म्हणूनच," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "लागू पडलं नसतं तर घेतलं असतं ग मी. तुझ्या समाधानासाठी घेतलं असतं. मला परत एकदा ते जायला नकोय. तेवढी ताकद नाही आता माझ्यात. आहे ते माझ्या सवयीचं आहे."

 लेक उठून पाणी प्यायली आणि तिनं पेला विसळून ठेवला. नंतर तिनं तो विषय काढला नाही, आणि तिचं न काढणंही घरात जाणवत राहिलं.

मग एका संध्याकाळी लेक दवाखान्यातून परस्पर औषधाच्या दुकानात जाणार होती आणि आईला भाजी घ्यायची होती, म्हणून दोघी वाटेत भेटून बरोबर गेल्या. दुकानदार ओळखीचा झाला होता, लेकीला डॉक्टर म्हणायचा आणि अधूनमधून आपल्या पोपटाबद्दल फुकट सल्ला घ्यायचा. त्यानं फ्रीज उघडला, आत वाकून पाहिलं, खोके इकडचे तिकडे केले. आई बाजूला उभी होती. फ्रीजची थंड वाफ तिच्या पायांपर्यंत आली, आणि दुकानदार आतूनच म्हणाला, "नाही हो आलेलं."

 दुकान, दिवे, वजनकाट्यावर उभा असलेला कुणी माणूस, सगळं जरा मागे सरकलं. नाही. एवढ्याशा शब्दात ते येतं. त्या वेळीही असंच आलं होतं, दुपारी, फोनवर, कुठल्याशा नम्र मुलीच्या आवाजात. तिनं लेकीच्या हातांकडे पाहिलं. ते काउंटरवर निवांत पडले होते. आता आधी मूठ जाईल, तिच्या मनात आलं. तिनं काउंटरची कड धरायचा प्रयत्न केला, आणि तिच्या बोटांना ती कड नीट धरताही येईना.

"कधी येईल?" लेकीनं विचारलं, दूध संपल्यावर विचारावं तसं.

"या कंपनीचं दोन आठवडे तरी नाही, मालाची काहीतरी अडचण आहे त्यांची. पण दुसऱ्या दोन कंपन्यांचं पडलंय. एक तर याच्याहून जरा स्वस्तच आहे. मॅडमना फोन करून विचारू? परस्पर मी देणार नाही."

"विचारा ना."

त्यानं फोन लावला. पलीकडे डॉक्टरीणबाईंनी काहीतरी विचारलं, यानं उत्तर दिलं, नाव वाचून दाखवलं, मान हलवली. "चालेल म्हणाल्या. काही वेगळं वाटलं तर कळवा, एवढंच." त्यानं फ्रीजमधून दुसऱ्याच रंगाचं खोकं काढलं, बर्फाच्या पिशवीसकट कागदात गुंडाळलं. "आणि डॉक्टर, तो पंख उपटतोय हो हल्ली."

"एकटा पडत असेल. आरसा नका लावू, बोला त्याच्याशी," लेक म्हणाली.

बस्स. एवढंच झालं. रस्त्यावर आल्यावर लेक भाजीवाल्याकडे वळली आणि वांगी बघू लागली, औषधाचं खोकं काखेत धरून. आई मागे उभी राहिली. कुणाकडे हेलपाटे घालावे लागले नव्हते, पत्रं नव्हती, कुणी कुणाच्या पाया पडलं नव्हतं. एका दारात नव्हतं, शेजारच्या दारात होतं. एवढं मोठं, तिचा उन्हाळा गिळून बसलेलं ते, आता दुकानदाराच्या फ्रीजमध्ये इतर बाटल्यांच्या शेजारी पडून असायचं आणि लोक त्याच्यावरून पोपटाकडे वळायचे. तिला बरं वाटलं म्हणावं तर तसंही नाही. उलट आत कुठंतरी खूप वाईट वाटलं. इतकं साधं होणार होतं तर. ती भाजीच्या गाडीला टेकली.

"आई? चक्कर येतेय का?"

"नाही. दमलेय." मग म्हणाली, "तुझ्या बाईंची वेळ घे माझ्यासाठी."

लेकीनं वांगं खाली ठेवलं. शहाणी होती. नुसतं म्हणाली, "उद्याच घेते."

पहिली सुई लेकीनंच दिली. आई पलंगावर बसली होती, नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता, कारण त्याला सुया बघवत नसत. टोचताना लेक दातांतून हळू सीऽऽ करत होती, घाबरलेल्या जनावरांना करायची तशी, आणि ते तिचं तिलाच कळल्यावर दोघी हसल्या. पुढे काही दिवस काहीच झालं नाही. काही होऊ नये असंही तिला आतून वाटत होतं. मग दुखणं हळूहळू उशिरा येऊ लागलं. सकाळी जाग आली की ती अंथरुणात पडून त्याची वाट बघे, आणि ते आलं की तिला जवळजवळ सुटल्यासारखं होई. चला, आहे अजून. मग ते कधी कधी यायचंच विसरू लागलं. बोटं तशीच वाकडी राहिली. मूठ वळली नाही. तिनं वळून पाहिलीही नाही. पण हाडांमध्ये इतकी वर्षं साठलेलं ते शिसं, पाय उचलताना, बोलताना, कुणाला हो म्हणतानासुद्धा जे वाहून न्यावं लागायचं, ते कुठंतरी कमी झालं होतं. दुपारी न झोपताही दिवस पुरा होऊ लागला. आणि भीती? ती होतीच. लेकीला तिनं विचारलंही, "किती दिवस मिळेल ग हे?" लेक म्हणाली, "माहीत नाही, आई. बघू." खोटा दिलासा दिला नाही, म्हणून तिला लेकीचा विश्वास वाटला.

सुट्टीचा दिवस होता, दुपार. तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. आई बटाटे सोलत होती, जाड मुठीचं सोलाणं लेकीनं आणून दिलं होतं. नवरा वर्तमानपत्रातलं काहीतरी वाचून दाखवत होता, कुठल्याशा जुन्या इमारतीबद्दल, ती आता पाडणार होते. "तुमच्या कचेरीचीच ना ग ही?" तो म्हणाला. तिनं मान वर केली. "हो," म्हणाली. "जिन्याचे नकाशे मी केले होते. वळणाचा जिना होता. फार कठीण होता." आणि सोलाणं हातातून खाली ठेवून ती रडायला लागली.

आधी नवऱ्याला वाटलं हसतेय. मग तो उठला, परत बसला. ती रडतच होती, मोठ्यानं, तोंड न झाकता, लहान मुलं रडतात तशी. "माझं अक्षर फार चांगलं होतं हो," ती म्हणाली. "सगळे म्हणायचे. आणि कुणी... एकदाही कुणी म्हणालं नाही की वाईट झालं. तुम्हीसुद्धा नाही."

"मला बोलता यायचं नाही ग," नवरा म्हणाला.  "मला वाटायचं, माझ्यामुळं गेलं."

"इतकी वर्षं!" ती म्हणाली. कुणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्या वर्षांत ती कधी अशी रडली नव्हती. रडायलाही अंगात जोर लागतो, तेवढा कधी उरलाच नव्हता. सगळा उठण्यात, बसण्यात, दारं उघडण्यात संपून जायचा. आता तो होता, आणि कुठून कुठून येत होता, पोटातून, पाठीतून, आणि थांबत नव्हता.

नवऱ्यानं घाबरून लेकीकडे पाहिलं. "मनी, बघ ना. डॉक्टरांना फोन करायचा का? औषधाचा काही उलटा..."

लेकीनं हात पुढे करून सोलायचे राहिलेले बटाटे आपल्याकडे ओढले. तिचेही डोळे भरले होते.

"रडू दे तिला, बाबा," ती म्हणाली. "लागू पडतंय औषध."